थर्मासखालची पत्रं

पुढची खोली, नातेते, कंपाला
सोमवार, ४ मार्च १९९६

सासूबाई एसेझांना जावई एरुकानाचा पडद्याआडून नमस्कार.

क्योतेऱ्याहून बसचा प्रवास कसा झाला, हे समोर येऊन विचारलं असतं. पण सासू-जावयाची नजरानजर झाली की जन्मभर हात थरथरत राहतात, म्हणून लिहून विचारतो. आमच्या एका मामाआजोबांना अरुंद पुलावर सासू समोरून आली. मागे फिरायला जागा नव्हती. त्यानंतर वीस वर्षं त्यांचा चहा कपात कमी आणि शर्टावर जास्त असायचा.

तुम्ही जावयाच्या घरी राहायला यावं हे रीतीत बसत नाही, मान्य. पण डॉक्टरांनी लोविसाला बाळ होईपर्यंत हॉस्पिटलच्या खाटेवर पाय वर करून झोपवलंय. आधीची दोन गेली, या वेळी तरी धोका नको, असं ते म्हणाले. तिथे जेवण घरून न्यावं लागतं, आणि तुमच्या मुलीला तुमच्या हातचंच हवं. तेव्हा रीत दोन महिने जरा बाजूला सरकून बसेल.

घर दोन खोल्यांचं. मागची तुमची, पुढची माझी, मध्ये पडदा. पडद्याआडून बोलायला हरकत नव्हती, पण भिंतीपलीकडे नालवांगाबाई राहतात. आपण इकडे मीठ मागितलं तर तिकडे टॅक्सी स्टँडवर कळतं. म्हणून पत्रं. स्वयंपाकघराच्या खिडकीत चहाचा थर्मास आहे, त्याखाली ठेवत जा.

न्हाणीघर सकाळी सहा ते साडेसहा तुमचं, मग पाव तास माझं. खोलीबाहेर पडताना तुम्ही तीनदा खोका. मी शिट्टी वाजवीन.

तुमची बोटं सांधेदुखीने सुजतात असं लोविसा म्हणाली. जेवणाची कच्ची केळी सोलायची काळजी सोडा. त्यासाठी बाई सांगितली आहे. दुपारी तुम्ही हॉस्पिटलात असताना ती संध्याकाळची केळी सोलून, पानात बांधून जाईल. तुम्ही फक्त चुलीवर चढवायची.

आपला,
एरुकाना


मागची खोली
गुरुवार, ७ मार्च

जावईबापू,

प्रवासात माझ्या मांडीवर एका माणसाची दोन कोंबड्यांची टोपली होती आणि तो स्वतः झोपला होता. बाकी सुखाचा झाला.

आता तुमच्या घराचं सांगते. नळ टिपटिपतो. मागच्या दाराची बिजागरी अशी ओरडते की माझं तीनदा खोकणं वाया जातं. पडद्याला जे भोक आहे त्यावर मी आल्या आल्या माझा जुना हातरुमाल शिवला. इतकी वर्षं ते भोक कोणाला दिसलं नाही? तुम्ही शाळेत पोरांना गणित शिकवता ना? एक खिळा अधिक एक हातोडी, याचं उत्तर दार, एवढं काढून बघा.

आणि ती शिट्टी. चर्चमधलं गाणं शिट्टीवर वाजवत न्हाणीघरात जाणारा माणूस मी या वयात पहिल्यांदाच ऐकला.

एक गोष्ट मात्र मानली. ती केळी सोलणारी बाई. साल अशी पातळ की आतला गर सालीला चुकूनसुद्धा लागलेला नाही. पानाची घडी घट्ट, केळीच्या सोपाच्या दोरीची गाठ डावीकडे, अगदी आमच्याकडे बांधतात तशी. लोविसाने चाटूनपुसून खाल्लं. या बाईला मला भेटायचंय. तिला म्हणावं, एक दिवस थांब, माझ्याबरोबर चहा घे. तुमच्या थर्मासमधलं ते कोमट पाणी नको, मी नवा करीन.

एसेझा


पुढची खोली
शुक्रवार, ८ मार्च

सासूबाई,

बिजागरीला तेल घातलं. आता ती हळू आवाजात ओरडते.

बाईचं नाव मेरी. फार लाजाळू आहे. घरात कोणी असलं की तिचा हात चालत नाही. भेटीचा आग्रह नको, नाहीतर यायचीच बंद होईल, आणि मग तुमच्या बोटांचं काय?

नळाचं रविवारी बघतो.

एरुकाना


मागची खोली
शुक्रवार, १५ मार्च

जावईबापू,

रविवार येऊन गेला. नळ टिपटिपतोच आहे. पण आज नळाचं नाही लिहीत.

मी नालवांगाबाईंना मेरीबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "कसली मेरी? तुमच्याकडे कुठली बाई येताना मी पाहिली नाही, आणि मी बघितलं नाही असं या गल्लीत काही होत नाही." यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पुढे म्हणाल्या, "मास्तर दोन वाजता शाळेतून येतात, आतून कडी लावतात, खिडकीचा पडदा ओढतात. आत तासभर कोणीतरी गुणगुणत असतं. मग मास्तर बाहेर येऊन इकडेतिकडे बघतात आणि सालं आमच्या बकरीपुढे टाकतात." बकरी मी पाहिली. दहा-बारा दिवसांत तिचं पोट जमिनीला टेकायला आलंय.

म्हणजे बाई आहे. आणि ती नालवांगाबाईंच्या नजरेतून निसटून येते, म्हणजे चांगलीच सराईत आहे.

मग मी दोरीवरचे तुमचे शर्ट बघितले. शर्ट बघायला रीत आडवी येत नाही. कॉलरी घासलेल्या. मनगटं उलटी करून घासलेली. जावईबापू, मी तीन जावई पाहिलेत, म्हणजे पाहिले नाहीत, पण त्यांचे शर्ट पाहिलेत. पैसे घेऊन धुणारी बाई कॉलर घासत नाही. कॉलर घासते ती वेगळीच असते.

माझी मुलगी तिकडे पाय टांगून पडलीये, आणि तुम्ही इकडे दाराला कडी लावून केळी सोलवून घेताय! लाज कशी वाटत नाही? नाव सांगा तिचं. खरं नाव. नाहीतर मी लोविसाला सांगते.

एसेझा


पुढची खोली
त्याच दिवशी, संध्याकाळी

सासूबाई,

देवाशपथ, तसं काही नाही. मेरी साठ वर्षांची आहे. एका डोळ्याने अधू आहे. पायाने लंगडते. मागच्या कुंपणाच्या फटीतून येते म्हणून कोणाला दिसत नाही.

लोविसाला काही सांगू नका, पाया पडतो. पाया पडता येत नाही, पण पडलो असं समजा. तिला धक्का बसू द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय.

एरुकाना


मागची खोली
बुधवार, २० मार्च

जावईबापू,

कुंपणाची फट मी पाहिली. तिच्यातून बकरी जात नाही, तीसुद्धा हल्लीची नव्हे, पूर्वीची. तिथून तुमची लंगडी, एका डोळ्याची म्हातारी कशी येते हे मला त्या गणितात बसवून दाखवा.

तुम्ही खोटं बोलता ते बोलता, वर इतकं वाईट बोलता.

आज मी लोविसाला सांगितलं. हात हातात घेऊन, हळूहळू, धक्का बसू नये अशा बेताने सांगितलं. दाराची कडी, गुणगुणणं, सालं, कॉलरी, सगळं. ती आधी माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. पोट धरून हसली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तशी नर्स धावत आली आणि मलाच ओरडली. लोविसा म्हणाली, "आई, त्यांनाच विचार. मी शपथ घेतलीये, माझ्याने सांगवणार नाही." आणि पुन्हा हसली. नवऱ्याने दगा दिला की काही बायका रडतात, काहींचं डोकं फिरतं. माझ्या मुलीचं डोकं फिरलंय. तुमच्यामुळे.

तेव्हा ऐकून ठेवा. बाळ झालं की मी दोघांना क्योतेऱ्याला घेऊन जाणार. न्यायला यायचं तर या, पण आमच्या केळीच्या बागेबाहेर उभं राहून ओरडावं लागेल, आणि मला हल्ली कमी ऐकू येतं.

एसेझा


पुढची खोली
गुरुवार, २१ मार्च

सासूबाई,

काल रात्रीपासून हे सहावं पत्र लिहितोय. पाच फाडली.

लोविसाला नेऊ नका. दोनदा आम्ही रिकाम्या हाताने हॉस्पिटलमधून घरी आलोय. या वेळी बाळ घेऊन यायचं आणि तुम्ही ते बसमध्ये बसवून न्यायचं, हे मला सोसायचं नाही. मी तिच्याशिवाय या घरात राहू शकत नाही. हे मी तिला कधी सांगितलं नाही, तुम्हालाच आधी लिहितोय, ही पण एक चूकच.

मेरी नाही. तेवढं खरं सांगतो. कधीच नव्हती. मग कोण, हे सांगितलं तर मला या गल्लीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही. तुम्हाला तोंड तसंही दाखवत नाही, पण शाळेत चौथीची साठ पोरं आहेत आणि एक हेडमास्तर आहे. थोडा वेळ द्या.

नळ दुरुस्त केला. आता टिपटिपत नाही, वाहतो.

एरुकाना


मागची खोली
शुक्रवार, २२ मार्च

वेळ बाळ येईपर्यंत. त्यानंतर बस.

एसेझा


पुढची खोली
बुधवार, २७ मार्च

सासूबाई,

तुमच्या पायाला आता कसं आहे?

आज दुपारी हॉस्पिटलात भेटीची वेळ बदलली म्हणून तुम्ही लवकर, मागच्या दाराने परत आलात, थेट अंघोळीला गेलात आणि न्हाणीघरात साबणावरून घसरलात, असं कळलं. कोणाकडून कळलं ते आठवत नाही. नालवांगाबाई बाजारात होत्या, गल्लीत कोणी नव्हतं. तुम्ही हाका मारत होतात. "कोणाला बोलावू?" असं बाहेरून कोणीतरी विचारल्याचं आणि "कोणालाही बोलाव, मेल्या, पण लवकर!" असं आतून उत्तर आल्याचं म्हणतात.

पुढे काय झालं हे मला माहीत नाही. एक माणूस डोक्यावरून चादर घेऊन न्हाणीघराकडे गेला, आधी दारावर आपटला, मग बादलीत पाय घातला, असं ऐकलं. त्याने तुम्हाला उचलून खाटेवर ठेवलं आणि पळाला. तो मी नव्हतो. मी शाळेत होतो. असतो तर माझे डोळे मिटलेले असते.

मलम थर्मासजवळ ठेवलंय. घोट्याला चोळा.

एरुकाना


मागची खोली
गुरुवार, २८ मार्च

जावईबापू,

घोटा सुजलाय, मोडलेला नाही. उगाच धावाधाव करू नका.

काल मला कोणी उचललं ते मलाही माहीत नाही. मी डोळे गच्च मिटून घेतले होते, हे नालवांगाबाई विचारतील तर तुम्हीही सांगा. तो माणूस घामाघूम झाला होता आणि शिट्टीवर चर्चचं गाणं वाजवत होता, पण कंपाल्यात अशी माणसं बरीच असतील.

मात्र दारातून बाहेर पडताना चादर खिळ्याला अडकली. तोच खिळा, जो मी येऊन चार दिवस झाल्यावर ठोकायला सांगितला होता. तो माणूस थबकला, मला वाटलं आता पाडतो, म्हणून मी एक डोळा किलकिला केला. एकच. तोंड दिसलं नाही. हात दिसले.

काळे होते. बोटांच्या पेरांपासून नखांपर्यंत. तो काळा रंग मला शिकवायला नको. वयाच्या सहाव्या वर्षापासून माझे हात तसे आहेत. केळीचा चीक असतो तो, लिंबाने जात नाही, रॉकेलने जात नाही, रोज सोलणाऱ्याच्या हातावरून महिनोन्महिने हटत नाही. आणि डाव्या अंगठ्यावर बारीक बारीक चिरा, सुरी स्वतःकडे ओढून सोलणाऱ्याला पडतात तशा.

स्वयंपाकघरात लंगडत जाऊन बघितलं. अर्धा घड सोललेला, सुरी खाली पडलेली, बसायची चटई अंथरलेली. आणि कुठे मेरी नाही.

मी संध्याकाळभर खाटेवर बसून होते. एकदा हसले. मग मला रडू आलं. म्हाताऱ्या माणसाला घोटा दुखला की येतं तसं.

जावईबापू, पुरुषासारखा पुरुष, मास्तर, आणि केळी सोलता? तेही माझ्याहून पातळ?

एक सांगायचं राहिलं. अंघोळ करणाऱ्या सासूला जावयाने पाहिलं तर झाडाची साल कुटून केलेलं वस्त्र, सालीचं वस्त्र, पाठवायची रीत आहे, म्हणजे थरथर लागत नाही. त्या माणसाने काही पाहिलं नसेल तर प्रश्नच नाही. पण पाहिलं असेल तर त्याने वेळेत पाठवावं. त्याच्या हातांची मला काळजी वाटते. तसले हात सहज मिळत नाहीत.

एसेझा


पुढची खोली
शनिवार, ३० मार्च

सासूबाई,

सोबत सालीचं वस्त्र आहे. चादरीतून फक्त साबणाचा फेस दिसला, पण फेस थोडा कमी होता.

आता खरं लिहितो. दुसरं बाळ गेलं तेव्हा लोविसा भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. जेवत नव्हती. शेजारणी आणून द्यायच्या, ती हात लावायची नाही. म्हणाली, आईसारखं मऊ हवं. मी केळी आणली आणि सुरी घेऊन बसलो. पहिल्या दिवशी साल जाड निघाली आणि बोट कापलं. तिने मान वळवून बघितलं आणि आठवड्यात पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "असं नाही हो, गाढवा." मग खाटेवर पडल्या पडल्या शिकवत गेली. सुरी अशी धर. पान आधी निखाऱ्यावर फिरव. गाठ डावीकडे. पाचव्या दिवशी उठून बसली आणि माझी गाठ सोडून पुन्हा बांधली. मला तेव्हा इतका आनंद झाला की मी तोंड फिरवून शिट्टी वाजवायला लागलो.

तेव्हापासून मीच सोलतो. आणि कपडे पण धुतो, कॉलरी घासायला मला आवडतं. पण मास्तर मांडी घालून केळी सोलतो हे शाळेत कळलं तर फळ्यावर चित्रं निघतील. म्हणून तिच्याकडून शपथ घेतली. तुमचं कण्हणं पहिल्या सकाळी पडद्यातून ऐकलं आणि मेरीला कामाला लावलं.

बाईचं बालंट परवडलं, पण केळी सोलतो हे कबूल करवेना. आता वाटतं, माझ्याइतका मूर्ख कोणी नसेल. त्यापायी मी बायको गमावत होतो.

तुम्ही तिला नेणार का? एवढंच सांगा.

एरुकाना


मागची खोली
शनिवार, दुपार

वस्त्र मिळालं. चांगलं आहे, जरा आखूड आहे.

कुठे नेणार मी तिला? क्योतेऱ्यात तिला केळी सोलून घालणारा नवरा आहे का? माझ्या नवऱ्याने अख्ख्या जन्मात एक लिंबू कापलं नाही.

संध्याकाळी शेंगदाण्याचं कालवण करते. तुम्ही सोला. कडी लावायची असेल तर लावा. मी पडद्यामागे बसून गुणगुणीन, म्हणजे नालवांगाबाईंना दोन आवाज ऐकू येतील आणि त्यांचं डोकं चक्रावेल.

एसेझा


क्योतेरा
सोमवार, ६ मे १९९६

जावईबापू,

नातीला मांडीवरून खाली ठेवून निघताना पाय उचलत नव्हता. वाटेत या वेळी कोंबड्या नव्हत्या, एक बकरा होता.

इथे सगळ्या जणी विचारतात, जावयाचं घर कसं आहे. मी सांगितलं, नळ वाहतो, दार रडतं, पण त्यांच्याकडे मेरी नावाची बाई आहे, तिच्यासारखी केळी आपल्या गावात कोणी सोलत नाही. माझ्या धाकट्या जावेला राग आला. मला बरं वाटलं.

सोबत फडक्यात गुंडाळून माझी सुरी पाठवते. माझ्या आईची होती. पातं झिजून बोटभर उरलंय, पण सालीसाठी तेच हवं. माझी बोटं आता तिला धरत नाहीत. मुलींना द्यायची असते, तिघीही हावरटासारख्या टपल्यात. ती तुम्हाला. लोविसाला म्हणावं, तुझीच आहे असं समज, वापरायला त्यांना देते.

आणि दर आठवड्याला पत्र पाठवा. वस्त्र पाठवलंत तरी मला धाकधूक आहे. काही जणांना थरथर उशिरा लागते. मजकूर काहीही असू द्या, मला अक्षर बघायचंय.

एसेझा


नातेते, कंपाला
रविवार, १९ मे

सासूबाई,

ओळी वाकड्यातिकड्या दिसताहेत ना? घाबरू नका. ही थरथर नाही. तुमची नात डाव्या हातावर आहे आणि पेन ओढतेय. बाप्तिस्म्यात नाव एसेझा ठेवलं. त्यामुळे या घरात मला आता मोठ्याने, बिनधास्त म्हणता येतं, "एसेझा, गप्प बस." आजच चार वेळा म्हटलं. फार समाधान वाटतं. ऐकत मात्र नाही, तुमच्यावर गेलीये.

सुरी मिळाली. लोविसाने हातात घेतली, वास घेतला, आणि तशीच परत माझ्या हातात दिली.

आता संध्याकाळची केळी सोलायला बसतोय. आत उकडतं, आणि बाळाला मोकळी हवा हवी, म्हणून चटई बाहेर पायरीवर टाकली आहे. नालवांगाबाई मघाशी दोनदा फेरी मारून गेल्या. तिसऱ्यांदा थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो मास्तर, मेरी कुठे गेली?"

मी म्हटलं, "ही काय, तुमच्यासमोर बसलीये."

एरुकाना